आंद्रेस सेगोव्हिया : वाद्याचा मान आणि हातांचा मान

आपल्या शाळेच्या संगीतखोलीत दोन वाद्ये शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. एक गिटार, ती एका माजी विद्यार्थ्याने आपल्या पहिल्या पगारातून शाळेला भेट दिली. दुसरी हलगी, ती शाळेने विकत घेतली. मागील वर्षी स्नेहसंमेलनाची तयारी सुरू असताना पालकसभेत एका ज्येष्ठ पालकांनी हलगीला हरकत घेतली. आपल्या वाडवडिलांनी गावकीच्या इतर कामांबरोबर जी हलगी खाली ठेवली, ती आपल्या नातवांच्या हाती शाळेनेच पुन्हा का द्यावी, असा त्यांचा प्रश्न होता. सभा स्तब्ध झाली. आम्हांलाही त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. सभा संपल्यावर मात्र एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. गिटारला कोणीही हरकत घेतली नव्हती.

इतिहास शिकविणाऱ्याला अशा ठिकाणी थांबावे लागते. गिटार हे आज प्रतिष्ठित वाद्य आहे. पण ते नेहमीच तसे नव्हते. सव्वाशे वर्षांपूर्वी स्पेन देशातील एखाद्या अब्रूदार घरातील मुलाने गिटार शिकण्याचा हट्ट धरला असता, तर त्या घरातील वडीलधाऱ्यांनी आपल्या पालकसभेतील त्या ज्येष्ठांइतक्याच तीव्रतेने हरकत घेतली असती. कारणे मात्र वेगळी असती. आपल्या ज्येष्ठांच्या हरकतीमागे भोगलेला अपमान होता. त्या घरांच्या हरकतीमागे दुसऱ्याविषयीची तुच्छता होती. ती तुच्छता ज्यांच्या जीवनकार्यामुळे पुष्कळशी गळून पडली, त्या आंद्रेस सेगोव्हिया यांचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांला म्हणूनच वाटले. हे चरित्र थोर आहे, परंतु निर्दोष नाही. दोन्ही गोष्टी सांगितल्या, तरच तो इतिहास होतो.

स्पेनच्या दक्षिणेस आंदालुसिया नावाचा प्रांत आहे. त्या प्रांतात लिनारेस नावाचे शिशाच्या खाणींचे गाव आहे. तेथे २१ फेब्रुवारी १८९३ रोजी आंद्रेस सेगोव्हिया यांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताची होती. आईवडिलांनी या मुलाला अगदी लहानपणीच व्हियाकारियो येथील मामा-मावशीसारख्या वडीलधाऱ्या, निपुत्रिक नातलग दांपत्याच्या हवाली केले. आईपासून तुटलेले मूल रडू लागले, की घरातील तो वडीलधारा पुरुष त्याला मांडीवर घेई, गाणे म्हणे आणि हाताने गिटार वाजविण्याचा आविर्भाव करी. वाद्य हाती येण्यापूर्वी वाद्याचा आभास त्या मुलाला मिळाला, तो असा. ज्या मुलांना ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांपासून दूर, वसतिगृहात राहावे लागते, त्यांना या प्रसंगाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

पुढे मुलाला संगीताची गोडी आहे हे पाहून त्याला गावातील एका व्हायोलिन शिक्षकाकडे पाठविण्यात आले. तो शिक्षक चुकीबद्दल चिमटे काढी. मुलाचे मन संगीतावरून उडू लागलेले पाहताच घरच्यांनी ती शिकवणी बंद केली. त्यानंतर एक फिरता फ्लामेंको वादक त्यांच्या दारी आला. आपल्याकडे जसे पोतराज, गोंधळी, डोंबारी दारोदार फिरत, तसे हे वादक गावोगाव हिंडत असत. त्याने गिटारवर हात फिरविताच मुलगा भारावून गेला. घरच्यांनी त्या वादकाला काही दिवस ठेवून घेतले आणि सुमारे दीड महिन्यात त्याला येत होते तेवढे सारे या मुलाने शिकून घेतले. सेगोव्हियांनी लिहिलेल्या आत्मचरित्रात हा माणूस एक फिरता वादक म्हणून येतो आणि निघून जातो. वाचकांनी त्याला मात्र लक्षात ठेवावे. जगाने ज्याला पुढे अभिजात गिटारवादनाचा अध्वर्यू म्हटले, त्याच्या बोटांना पहिली अक्षरे गिरवायला लावणारा माणूस हा होता.

गिटारविषयी तुच्छता का होती, हे समजण्यासाठी ती कोणाच्या हातांत होती हे पाहिले पाहिजे. फ्लामेंको हे आंदालुसियातील गरीब वस्त्यांचे गाणे, नृत्य आणि वादन. त्यात अनेक लोकांचा वाटा असला, तरी सर्वांत मोठा वाटा हितानो लोकांचा, म्हणजे स्पेनमधील रोमा लोकांचा आहे. हे लोक मूळचे आपल्या उपखंडातील. सुमारे १,००० वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज येथून पश्चिमेकडे गेले, असे भाषाशास्त्राचे अभ्यासक मानतात. युरोपातील रोमा भाषेत एक, दोन, तीन या अंकांना जे शब्द आहेत, ते ऐकताच मराठी माणसाला ओळखू येतात. युरोपभर या लोकांना गावाबाहेर ठेवले गेले, चोर ठरविले गेले, कायद्याने छळले गेले. स्पेनमध्ये १७४९ साली राजाज्ञेने हजारो हितानो स्त्री-पुरुषांना एकाच मोहिमेत धरून डांबण्यात आले. लोहारकाम, जनावरांचा व्यापार आणि गाणे-वाजविणे यांवर ते जगले. अशा माणसांच्या हातांतील वाद्य खानावळीत, दारूच्या गुत्त्यात, लग्नाच्या मांडवात चाले. सभागृहात चालत नसे. वाद्याला लागलेला हा कलंक वास्तविक वाद्याचा नव्हता, तो माणसांवर लादलेला होता. हे आपल्या समाजाला सांगण्याची गरज नाही.

येथे एक दुरुस्ती केली पाहिजे. सेगोव्हियांपूर्वी गिटारला कोणी जाणतच नव्हते, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फेर्नांदो सोर यांनी पॅरिस आणि लंडन येथे गिटारवादन केले होते व तिच्यासाठी उत्तम रचना लिहिल्या होत्या. त्याच शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सिस्को तारेगा यांनी वादनाची पद्धत नव्याने घडविली आणि पियानो व व्हायोलिनच्या अनेक रचना गिटारवर आणल्या. त्यांचे शिष्य मिगेल योबेत हे सेगोव्हियांपूर्वीच परदेशांत वादन करीत होते. तथापि हे सर्व थोड्या रसिकांच्या दिवाणखान्यांपुरते उरले होते. शिकण्यासाठी शाळा नव्हती, पुस्तके विरळ होती, मोठ्या सभागृहाचे दार बंद होते. सेगोव्हियांनी पाया घातला नाही. परंतु असलेल्या पायावर त्यांनी एकट्याच्या जिद्दीने इमारत उभी केली.

वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास मुलाला शिक्षणासाठी ग्रानादा शहरात आणण्यात आले. तेथील एका कारागिराकडून त्याने गिटार मिळविली. घरच्यांना हे पसंत नव्हते. मुलाने शिकावे, नोकरी धरावी आणि घराला हातभार लावावा, ही त्यांची अपेक्षा होती. कोणत्याही गरीब घराची ती असते. योग्य गुरू मिळाला नाही, तेव्हा आंद्रेसने जुन्या रचनांची पुस्तके शोधून स्वरलिपी स्वतःच वाचायला शिकली. पियानोवर इतर विद्यार्थी कोणते व्यायाम करतात ते पाहून गिटारसाठी तसे व्यायाम त्याने स्वतः तयार केले. आपणच आपले गुरू आणि आपणच आपले शिष्य होतो, आणि त्या दोघांचे फारसे भांडण झाले नाही, असे ते पुढे विनोदाने सांगत. विनोदामागे मात्र अनेक वर्षांचे एकाकी परिश्रम होते. पुढील साऱ्या आयुष्यात दररोज सुमारे ५ तासांचा सराव त्यांनी सोडला नाही.

१९०९ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ग्रानादा येथे त्यांचे पहिले जाहीर वादन झाले. तारेगा यांना भेटण्याची त्यांची इच्छा होती. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात तारेगा निवर्तले. मग कॉर्दोबा, सेव्हिल अशी शहरे करीत हा तरुण राजधानी माद्रिदला पोहोचला. खिसा रिकामा होता आणि जवळचे वाद्य सभागृहाच्या योग्यतेचे नव्हते. तो मान्युएल रामिरेस या नामांकित कारागिराच्या दुकानात गेला आणि एका कार्यक्रमापुरती चांगली गिटार भाड्याने मिळेल काय, अशी विचारणा केली. पियानो भाड्याने मिळतो, मग गिटार का मिळू नये, असा त्याचा सरळ हिशेब होता. दुकानातील मंडळींना गंमत वाटली. रामिरेस यांनी १९१२ साली बनविलेले एक उत्कृष्ट वाद्य त्याच्या हाती दिले आणि वादन ऐकले. ऐकून झाल्यावर ते वाद्य त्यांनी त्याला देऊनच टाकले. पैसे घेतले नाहीत. वाद्याचे नाव जगात नेऊन ही फेड करावी, एवढीच अपेक्षा ठेवली. पंचवीसएक वर्षे सेगोव्हियांनी हे वाद्य वापरले. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. होतकरू मुलाच्या हाती वेळेवर साधन ठेवणारा एक कारागीर इतिहासात किती मोठे काम करून जातो, याचे हे उदाहरण आहे. आपल्या शाळेला गिटार देणाऱ्या माजी विद्यार्थ्याला हे सारे ठाऊक नसेल. पण त्याने केले ते याच जातीचे काम होय.

माद्रिदमधील वादनानंतर बार्सिलोना हे मोठे केंद्र होते. तेथील पालाउ दे ला मुसिका या सभागृहात २,००० हून अधिक श्रोते बसतात. गिटारचा आवाज लहान. एवढ्या जागेत तो मागच्या रांगेपर्यंत पोहोचणार नाही, असे जाणकारांचे मत होते. सेगोव्हियांनी १९१६ साली त्या सभागृहात वादन केले आणि आवाज पोहोचला. यामागे जादू नव्हती. तारेगांच्या परंपरेतील काही मंडळी नखे न लावता केवळ बोटांच्या टोकांनी तार छेडीत. सेगोव्हियांनी बोटाचे मांस आणि नख दोन्ही वापरण्याची पद्धत पक्की केली. त्यामुळे स्वर भरीव झाला, स्पष्ट झाला आणि त्याला अनेक छटा आल्या. शिवाय श्रोत्यांनी शांत राहिले पाहिजे, हा त्यांचा आग्रह असे. पुढे ध्वनिवर्धकाची सोय झाली, तरी त्यांनी ती सभागृहात स्वीकारली नाही. वाद्याने ओरडू नये, माणसांनी कान द्यावा, ही त्यांची भूमिका होती.

१९२० च्या सुमारास त्यांनी दक्षिण अमेरिकेचा दौरा केला. १९२४ साली पॅरिसमध्ये त्यांचे वादन झाले आणि युरोपातील संगीतकारांचे लक्ष त्यांच्याकडे वळले. १९२६ साली ते सोव्हिएत रशियात गेले, १९२८ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये आणि पुढच्या वर्षी जपानमध्ये त्यांचे कार्यक्रम झाले. ध्वनिमुद्रिका १९२७ पासून निघू लागल्या. परंतु प्रसिद्धीपेक्षा महत्त्वाचे काम वेगळेच होते. गिटारसाठी लिहिलेले संगीत फार थोडे होते, आणि वाङ्मय नसलेल्या भाषेला जशी विद्यापीठात जागा मिळत नाही, तसे रचना नसलेल्या वाद्याला सभागृहात कायमची जागा मिळत नाही, हे सेगोव्हियांनी ओळखले होते. म्हणून थोर संगीतकारांकडून त्यांनी मागून, विनवून, पाठपुरावा करून रचना लिहून घेतल्या. स्पेनमधील मोरेनो तोरोबा व तुरिना, मेक्सिकोतील मान्युएल पोन्से, ब्राझीलमधील व्हिला-लोबोस यांनी त्यांच्यासाठी लिहिले. व्हिला-लोबोस यांनी त्यांना अर्पण केलेले १२ अभ्यास आज प्रत्येक गंभीर विद्यार्थ्याला वाजवावे लागतात. इटलीतील कास्तेलनुओवो-तेदेस्को यांनी गिटार आणि वाद्यवृंद यांच्यासाठी मोठी रचना केली. हे गृहस्थ ज्यू होते आणि मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांमुळे १९३९ साली त्यांना मायदेश सोडावा लागला. त्याच वर्षी ती रचना उरुग्वे देशातील मोंतेव्हिदेओ येथे सेगोव्हियांनी प्रथम वाजविली.

१९३५ साली पॅरिसमध्ये त्यांनी आणखी एक धाडस केले. जर्मन संगीतकार बाख यांनी एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेली शाकोन ही दीर्घ आणि अत्यंत अवघड रचना त्यांनी गिटारवर बसविली आणि जाहीरपणे सादर केली. बाख म्हणजे पाश्चात्त्य संगीताचे जणू गर्भगृह. गुत्त्यातील वाद्याने तेथे पाऊल टाकावे, हे काहींना रुचले नाही. परंतु ऐकल्यानंतर विरोध करणे अवघड झाले. ज्या दारावर प्रवेश नाही असे लिहिलेले असते, त्या दारातून आत जाऊन उत्तम काम करून दाखविणे, हा सेगोव्हियांचा मार्ग होता.

१९३६ साली स्पेनमध्ये गृहयुद्ध पेटले. त्या वेळी ते बार्सिलोनात होते. त्यांना देश सोडावा लागला, मागे राहिलेले घर लुटले गेले आणि पुढील काही वर्षे त्यांनी मोंतेव्हिदेओत काढली. या काळाविषयी एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य नव्हे. त्यांची सहानुभूती प्रजासत्ताकाच्या बाजूने नव्हती, जनरल फ्रँकोच्या बाजूने होती. ज्या फ्रँकोच्या राजवटीने पुढे कित्येक वर्षे स्पेनमधील स्वातंत्र्य दडपले, तिच्याविषयी एवढ्या मोठ्या कलावंताला ओढ वाटावी, हे आम्हांला खटकते. ज्यांच्याशी मैत्री होती तो कवी लोर्का त्याच गृहयुद्धाच्या आरंभी फ्रँकोच्या पक्षपात्यांकडून ग्रानादाजवळ मारला गेला, हे आठवले म्हणजे ते अधिकच खटकते. कला माणसाला आपोआप न्यायी करीत नाही. विद्वत्ताही करीत नाही. त्यासाठी वेगळे परिश्रम लागतात.

दुसऱ्या महायुद्धाने गिटारच्या तारांवरही संकट आणले. पूर्वी वरच्या तारा मेंढीच्या आतड्यापासून करीत. त्या लवकर तुटत आणि हवेतील ओलाव्याने बेसूर होत. युद्धकाळात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी आतड्याचा धागा लागू लागला आणि तारा मिळेनाशा झाल्या. न्यूयॉर्कमधील वाद्यकारागीर आल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा करून पाहिल्या. सेगोव्हियांनी त्या तपासल्या, सुधारणा सुचविल्या आणि स्वीकारल्या. १९४० चे दशक संपता संपता त्या बाजारात आल्या आणि चांगले वाद्य सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्यात आले. आपल्या शाळेतील गिटारच्या वरच्या पट्टीतील ३ तारा नायलॉनच्याच आहेत. वाद्याची घडणही याच काळात सुधारली. म्युनिकचे कारागीर हेर्मान हाउजर यांनी सेगोव्हियांच्या रामिरेस गिटारचा अभ्यास केला, कित्येक वर्षे प्रयत्न केले आणि १९३७ साली त्यांच्या पसंतीस उतरलेले वाद्य तयार केले. पुढील सुमारे २५ वर्षे त्यांनी तेच वापरले.

१९५२ साली ते बऱ्याच वर्षांनी स्पेनमध्ये वादनासाठी परतले. होआकिन रोद्रिगो या अंध संगीतकाराने १९५४ साली त्यांच्यासाठी गिटार आणि वाद्यवृंदाची एक प्रसिद्ध रचना लिहिली आणि १९५८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी ती प्रथम सादर केली. उतारवयात त्यांचे अधिक लक्ष अध्यापनाकडे होते. इटलीतील सिएना आणि स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला येथील उन्हाळी वर्गांना जगभरचे तरुण येत. व्हेनेझुएलातील शेतकरी कुटुंबातून आलेले अलिरिओ दिआस आणि ऑस्ट्रेलियात जन्मलेले जॉन विल्यम्स हे त्यांतले नामवंत. ज्या वाद्याला त्यांच्या बालपणी शिक्षक मिळत नव्हता, त्याचे वर्ग आता देशोदेशींच्या संगीत महाविद्यालयांत सुरू झाले. वाद्याला हलक्या मनोरंजनातून सोडविणे, त्याला रचना मिळवून देणे, त्याचे सौंदर्य जगाला दाखविणे आणि संगीतशाळांत पियानो-व्हायोलिनच्या बरोबरीची जागा मिळवून देणे, ही उद्दिष्टे त्यांनी स्वतःपुढे ठेवली होती. आपल्या हयातीत ती सर्व सिद्धीस गेलेली पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले.

स्पेनच्या राजाने १९८१ साली त्यांना सालोब्रेन्याचे मार्केस ही सरदारकी बहाल केली. नव्वदी ओलांडल्यावरही ते वादन करीत होते. २ जून १९८७ रोजी माद्रिद येथे, वयाच्या ९४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढे त्यांचे अवशेष जन्मगावी लिनारेसला नेण्यात आले. तेथे त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे.

येथे चरित्र संपते, परंतु प्रश्न संपत नाही. सेगोव्हिया शिक्षक म्हणून कठोर होते. आपण ठरविलेली बोटे शिष्याने बदलली, तर ते चारचौघांत त्याचा पाणउतारा करीत. जॉन विल्यम्स यांनीच पुढे या वृत्तीवर उघड टीका केली. बालपणी चिमटे काढणाऱ्या शिक्षकाला कंटाळलेला मुलगा स्वतः शिक्षक झाल्यावर तसाच वागू लागावा, हे आम्हां शिक्षकांना विचार करायला लावणारे आहे. न आवडलेल्या नव्या रचनांकडे ते पाहतही नसत. स्विस संगीतकार फ्रांक मार्तँ यांनी १९३३ साली त्यांच्यासाठी लिहिलेल्या ४ लहान रचना त्यांनी कधीच वाजविल्या नाहीत. आज त्या श्रेष्ठ मानल्या जातात.

याहून मोठी गोष्ट म्हणजे फ्लामेंकोविषयीचा त्यांचा दृष्टिकोन. तरुणपणी त्यांना त्या संगीताविषयी आस्था होती. १९२२ साली संगीतकार फाया आणि कवी लोर्का यांनी ग्रानादा येथे या गाण्याच्या सन्मानार्थ मोठी स्पर्धा भरविली, तेव्हा सेगोव्हियाही त्यांच्या बाजूने उभे होते. पुढे मात्र आपण गिटारला फ्लामेंकोच्या हातांतून सोडविले, असे ते अभिमानाने सांगू लागले. या वाक्याचा अर्थ आपण नीट पाहिला पाहिजे. शतकानुशतके ज्यांनी ते वाद्य भूक आणि छळ सोसून जिवंत ठेवले, त्यांच्यापासून ते सोडविण्याची गरज का भासावी? वाद्य सभागृहात गेले. त्या दारोदार फिरणाऱ्या वादकाची माणसे बाहेरच राहिली. वाद्याची अस्पृश्यता गेली, पण ती घालविण्याची अट अशी होती की त्याने आपल्या जुन्या सोबत्यांना ओळख दाखवू नये. एकट्याने वर जाण्याचा हा मार्ग आपल्यालाही अपरिचित नाही. शिकून मोठे झालेले, नाव बदललेले, वस्तीकडे पाठ फिरविलेले लोक आपण पाहिले आहेत.

सुदैवाने इतिहास तेथे थांबला नाही. ते हात स्वतःच पुढे आले. हितानो समाजातील रामोन मोंतोया यांनी फ्लामेंको गिटारला गायन-नृत्याच्या साथीतून काढून स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा दिली. १९३६ साली पॅरिसमध्ये त्यांच्या वादनाचे ध्वनिमुद्रण झाले. आंदालुसियातील गरीब घरात जन्मलेल्या पाको दे लुसिया यांनी १९७५ साली माद्रिदच्या राजेशाही नाट्यगृहात, तेथील मोठ्या रंगमंचावर, फ्लामेंको वाजविले. २०१० साली युनेस्कोने फ्लामेंकोची मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात नोंद केली. त्यासाठी कोणालाही आपली ओळख पुसावी लागली नाही. गिटारचा इतिहास सांगताना सेगोव्हियांचे नाव जेवढे घ्यावे, तेवढेच या लोकांचेही घेतले पाहिजे.

आता त्या पालकसभेतील प्रश्नाकडे वळू. आमचे आजोबा गावकीची हलगी वाजवीत. मेलेल्या जनावरापुढे, दवंडीपुढे, पाटलाच्या वरातीपुढे ती वाजवावी लागे. नाही म्हणण्याची सोय नव्हती आणि मोबदला भाकरीचा. १९२७ साली महाड येथे बाबासाहेबांनी स्वाभिमानाची हाक दिली आणि पुढे गावोगावच्या लोकांनी असली कामे सोडली, त्यांत पुष्कळ ठिकाणी हलगीही खाली ठेवली गेली. तो निर्णय योग्य होता. तेव्हा खाली ठेवली गेली ती सक्ती होती. परंतु त्याच पिढीतील भीमराव कर्डक आणि इतर जलसाकारांनी ढोलकी आणि तुणतुणे स्वतःच्या इच्छेने उचलले आणि त्यांच्या तालावर स्वाभिमानाचा विचार गावोगाव पोहोचविला. ज्या वाद्यांना तमाशातील म्हणून नाके मुरडली जात, तीच वाद्ये चळवळीची झाली. फरक वाद्यात नव्हता. कोणाच्या हुकमाने वाजते आणि कशासाठी वाजते, यात होता.

म्हणून त्या ज्येष्ठांना आमचे उत्तर असे आहे. हलगी कोणत्याही मुलाला सक्तीने दिली जाणार नाही. कोणी ती आपल्या जन्मावरून याच्याच हाती द्या असे म्हणेल, तर त्याला शाळा ठाम नकार देईल. पण ज्या मुलाला किंवा मुलीला ती शिकावीशी वाटेल, तिला ती गिटारइतक्याच शिस्तीने शिकविली जाईल. तिचे बोल लिहून ठेवले जातील, तिच्या तालांचा अभ्यास होईल, ती कोणाच्या हातांनी आणि कोणत्या परिस्थितीत जिवंत राहिली, हेही वर्गात सांगितले जाईल. सेगोव्हियांकडून आपण रोजचा सराव, स्वाध्याय आणि बंद दार उघडण्याची जिद्द घ्यावी. त्यांनी ज्याला मागे ठेवले, त्या फिरत्या वादकाला मात्र आपण बरोबर घेऊन जाऊ.

हे आम्ही त्या ज्येष्ठांना प्रत्यक्ष भेटून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. त्यांना ते पूर्णपणे पटले, असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांनी सोसले, त्यांना लवकर पटविण्याचा आग्रह धरणे योग्यही नाही. तथापि यंदाच्या संमेलनास ते येणार आहेत आणि त्यांची नात हलगीच्या गटात आहे. दुसऱ्या गटात गिटारही आहे. दोन्ही वाद्ये एकाच रंगमंचावर, एकामागून एक वाजतील. माजी विद्यार्थ्यांनी, पालकांनी आणि सर्व समाजबांधवांनी ती ऐकण्यास अवश्य यावे.